चाकामागचा दगड

मिस्त्रीनं मागच्या चाकाचा ड्रम उपसून काढला, तशी काळी पूड भसकन खाली सांडली. आतला लायनर नखाएवढाही उरला नव्हता. केबलचे पदर सुटून उसवल्या वेणीसारखे लोंबत होते.

"काका, हा हँडब्रेक कसला, नुसताच आवाज! गाडीला धरत होतं कोण?"

डिकीतून काढलेला दगड काकांच्या हातात होता. नदीतला, गोलसर, एका अंगानं टायरनं काळा केलेला.

"बाबा धरायचे," काकांची लेक म्हणाली. "आमचं घर चढावर. संध्याकाळी आईनं दारात गाडी लावली, ब्रेकची कर्रर्रर्र वर ऐकू आली, की बाबा शिवण तसंच मशीनवर टाकून, दगड घेऊन खाली धावायचे. 'ये, लावलाय!' अशी हाक आल्याशिवाय आई ब्रेकवरचा पाय उचलायची नाही. ती गेल्यापासून गाडी उभीच आहे."

"हजारदा सांगितलं तिला, दुरुस्त करून घे," काका पुटपुटले. "तर म्हणे, मिस्त्रीला सवड नाही."

मिस्त्रीचा पाना थांबला.

"मला सवड नाही? अहो, सामान कधीचं आणून ठेवलं होतं मी. फळीवर धूळ खात पडलंय, तेच बसवतोय आज. काकूच म्हणायच्या, राहू दे रे. ब्रेक धरायला लागला, तर हा माणूस मशीन सोडून खाली कशाला येईल?"

लेकीनं तोंड फिरवलं. काकांचा अंगठा दगडाच्या काळ्या अंगावरून फिरत राहिला.

"लबाड," ते म्हणाले.

लेकीला उद्या याच गाडीनं, तान्ह्याला घेऊन, घाटातून जायचं होतं. ब्रेक धरायलाच हवा होता. मिस्त्रीनं नवे लायनर बसवले, नवी केबल ओढली, चाक चढवलं आणि गाडी समोरच्या चढावर नेऊन उभी केली. ब्रेक ओढला. कर्र. एवढंच. मग त्यानं पाय उचलला, दोन्ही हात खिडकीबाहेर काढून दाखवले.

गाडी तसूभर हलली नाही.

पूर्वी ती ब्रेक ओढल्यावरही जराशी मागं यायची, दगडाला टेकायची, विसावायची. मग दार उघडायचं.

काका गुडघे धरत चाकामागं बसले. सवयीनं वीतभर जागा सोडून त्यांनी दगड ठेवला.

"बाबा, आता कशाला तो?"

चाक आणि दगड यांच्यामधल्या त्या वीतभर उन्हाकडे काका बघत होते.

"ये," ते हळूच म्हणाले. "लावलाय."