पहिला कॅट

भविष्य सांगायच्या टॅरोच्या पत्त्यांचा पहिला कॅट स्वतः विकत घ्यायचा नसतो, कुणीतरी मायेने द्यायचा असतो, हे इंग्लंडातल्या ग्लास्टनबरी गावात शेंबडं पोरही सांगेल. लिनेटने धाकट्या बहिणीला दिला, शेजारच्या टेसला दिला, सुनेला तर साखरपुड्यालाच दिला. स्वतः मात्र दुकानाच्या काचेशी घुटमळून परत यायची. "मागून घेण्यात काय राम?" म्हणायची.

साठाव्या वाढदिवसाला तिघींनी मिळून रिबीन बांधलेलं पुडकं तिच्या हातात ठेवलं. लिनेटने घाईघाईने रिबीन सोडली. आत जांभळा रेशमी रुमाल निघाला.

"तुझे पत्ते गुंडाळून ठेवायला गं, ताई," बहीण कौतुकाने म्हणाली.

टेस हसून म्हणाली, "बाकी तुला पहिला कॅट कुणी दिला, ते कधी बोलली नाहीस!"