दुसरं पान

सर्वपित्रीला धाकू तांडेलने कौलांवर दोन पानं ठेवली. एक वाडवडिलांचं, दुसरं फादर मस्करेन्हसांचं. पहिल्यावर कावळे तुटून पडले. दुसऱ्याकडे, दरवर्षीसारखाच, एकही फिरकला नाही.

महायुद्धात धाकू खलाशी असलेलं आरमाराचं जहाज फुटलं, तेव्हा जहाजावरच्या या पाद्रीबाबांनी स्वतःचं लाइफजॅकेट काढून धाकूच्या अंगात चढवलं होतं. "किनाऱ्यावर परत दे," म्हणाले आणि लाटेआड गेले. तेव्हापासून जॅकेट खुंटीला होतं आणि धाकूने समुद्रात पाय घातला नव्हता.

"फादर, चर्चमध्ये मेणबत्ती लावीन. तुमच्या नावाने मिस्साची प्रार्थना सांगेन," तो हात जोडून एकेक कबूल करत होता. कावळे हलेनात.

बायकोला राहवेना. "अहो, त्यांचं प्रेत कुठं मिळालं? गेलेच नसतील. जित्या माणसाच्या पानाला कावळा कसा शिवेल?"

धाकूचे जोडलेले हात सुटले. गेले नसतील, तर इतकी वर्षं ते पाण्यातच असणार.

त्याने खुंटीवरचं जॅकेट ओढलं आणि अनवाणीच बंदराकडे धावला. पुतण्या होडी वाळूवर घेत होता.

"राहू दे पाण्यात," धाकू आत चढत म्हणाला. "फादर गारठले असतील."