शेजारचा गाळा

"आपल्याकडे नाही ते दुसरीकडे मिळेल, असं गिऱ्हाइकाला आपल्या तोंडानं कधी सांगायचं नाही." सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण कारखान्याच्या वसाहतीत, बरखेड्याच्या बाजारातल्या त्या छोट्या दुकानात रत्नप्रभाबाई त्यांचा शब्द पाळत आल्या होत्या. चकली आणि भाजणी त्यांची, लाडू-अनारसे शेजारच्या गाळ्यातल्या कमलचे. कुणी लाडू विचारले की बाई नुसती मान हलवत.

उन्हाळ्यात कमल गाळा सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोलार रोडच्या नव्या वस्तीत गेली. कारखान्यातली जुनी माणसं निवृत्त झाली होती, क्वार्टर्स ओस पडत होती, त्यांच्या मुलासुनांनी तिकडं घरं घेतली होती. सकाळी निरांजन लावताना बाईंच्या मनात आलं, चला, उरलंसुरलं गिऱ्हाईक तरी आता आपलंच.

दिवाळी तोंडावर आली. दुकानात भाजणीचा खमंग वास होता, माणूस नव्हतं. "आई, यंदा शेवटचं. नंतर बंद करू," मुलगा मंदार म्हणाला.

त्याच दुपारी क्षितिजा आली. एके काळचं नेहमीचं गिऱ्हाईक.

"वाट चुकलीस का गं?"

"काकू, खरं सांगू? बँकेत काम होतं म्हणून आले. नुसत्या चकलीसाठी इतक्या लांब कोण येणार? दोघी होतात तेव्हा एका चक्करमध्ये अख्खा फराळ व्हायचा." पिशवी उघडत ती हसली. "आणि मला तर तुमचं दुकान कमलकाकूंनीच दाखवलं. लाडू बांधून द्यायच्या नि म्हणायच्या, चकली वहिनींचीच घ्या, मला मेलीला जमत नाही."

बाईंचा हात डब्यावरच राहिला. कमलच्या हातची चकली त्यांनी हळदीकुंकवाला खाल्ली होती. इतकी खुसखुशीत त्यांची स्वतःचीही होत नसे.

क्षितिजा गेल्यावर त्यांनी कमलला फोन लावला.

"कमल, किती माणसं पाठवलीस गं माझ्याकडे. मी एकही नाही पाठवलं."

"त्यात काय, वहिनी? तुमच्या चकलीला आलेले माझ्याकडे थांबायचे की. इथं मी एकटी. लोक बघतात नि पुढच्या बाजारात जातात." ती जरा घुटमळली. "शेजारचा गाळा रिकामा आहे. आणि एक आगाऊपणा केलाय, रागावू नका. चकली विचारतात त्यांना सांगून बसलेय, परवा या, वहिनींची ताजी असेल."

फोन ठेवून बाई बाहेर आल्या. कमलच्या जुन्या दुकानाचं शटर बंद होतं. त्यापुढं त्यांनी क्षणभर हात जोडले. मग सोऱ्या पुसून पिशवीत घातला.

"कुठं निघालीस?" मंदारनं विचारलं.

"कमलनं माझ्या नावावर लोकांना शब्द दिलाय," त्या हळूच म्हणाल्या आणि कोलार रोडच्या रिक्षाला हात केला.