लाल रेघ

"पत्रा मूळचा, रंग मूळचा, काचासुद्धा मूळच्या. इतक्या वर्षांत कुणाचा हात म्हणून लागू दिला नाही हिला."

नवरा गिऱ्हाइकाला सांगत होता आणि गॅरेजच्या दारात उभी राहून ती ऐकत होती. खोटं नव्हतं त्यात काही. घरात कुणाशी धड बोलायचा नाही, पण त्या लांबलचक, साय रंगाच्या परदेशी गाडीशी बोलताना याच्या तोंडात साखर. तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं त्या धुडाला.

मुलगा फाटक उघडत होता. गाडी बाहेर ढकलायला हवी म्हणून बापाने निरोप धाडला आणि हा शहाणा सुट्टी काढून आला. गाडी फाटकाबाहेर जायच्या आत नवऱ्याने पोरापाशी एकदा तरी 'माझं चुकलं' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. आज नाही तर कधीच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती सकाळपासून वाट बघत होती आणि नवरा सकाळपासून गाडी पुसत होता.

गिऱ्हाईक मागच्या दारापाशी वाकलं.

"साहेब, ही लाल रेघ कसली?"

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "आमच्या चिरंजीवांचे प्रताप. लहानपणी सायकल घासली."

"मग काढली नाहीत इतकी वर्षं?"

"छे! रंगाला हात लावला की गाडी मूळची राहत नाही. कोरड्या फडक्याशिवाय काही लावलं नाही मी. पॉलिशचं बोटसुद्धा नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी पोराच्या डाव्या कानाखाली अशी बसली होती, की त्या कानाने त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. डॉक्टरांपुढे मात्र पोरगा जिन्यावरून पडला होता. सांगणारा हाच, आणि रात्री बॅटरी घेऊन गाडीचं दार तपासत बसणाराही हाच.

गिऱ्हाइकाने खिशातून एक चपटी डबी आणि पांढरं फडकं काढलं. नवरा "अहो, अहो" करत पुढे झाला, तोवर त्याने बोटभर पॉलिश रेघेवर लावलंही होतं.

"घाबरू नका साहेब. हा ओरखडा नाहीच. सायकलचा रंग वर चिकटलाय नुसता. खालचा रंग शाबूत आहे."

तो हलक्या हाताने फडकं फिरवत राहिला. बघता बघता रेघ फिकी झाली आणि मग दिसेनाशी झाली. दार स्वच्छ, कोऱ्या बशीसारखं.

नवरा वाकून वाकून बघत राहिला. त्याचा चेहरा नुसता फुलला. मुलगा फाटकाला टेकवायला दगड घेऊन त्याच्या बाजूनेच चालला होता, डावा कान बापाकडे करून.

"अरे, बघ! गेली रे! गाडीला काहीच झालं नव्हतं!"

मुलगा तसाच पुढे गेला. दगड ठेवला, फाटक हलतंय का ते पाहिलं.

"बघा," नवरा गिऱ्हाइकाला म्हणाला, "एवढा घोडा झाला, तरी राग नाकावर. बापाने हाक मारली तर मान वळवेल तर शपथ!"

गिऱ्हाईक उगाच हसलं.

ती पायरी उतरून गाडीपाशी आली. गिऱ्हाइकाच्या हातातलं फडकं तिने काढून घेतलं. त्यावर लाल डाग पडला होता. नवऱ्याचा हात धरून तिने ते त्याच्या मुठीत कोंबलं.

"घ्या," ती म्हणाली. "आता हे त्याच्या कानाला लावून बघा."