बागेला वळसा

वर्षालीनं कॉम्प्युटरवर चांदूर रेल्वेकडच्या नव्या रस्त्याची रेघ सरळ ओढली, तर ती नेमकी तिच्या बाबांच्या वावरातून गेली. उभ्या जन्मात कापूस नि तूर सोडून काही न पेरलेल्या बाबांनी सत्तरीत हौसेनं संत्र्याची बाग लावली होती, तिच्या पार मधोमध. वर्षालीचा जीव गलबलला. तिनं रेघ बाजूला सरकवली, तर सॉफ्टवेअर लाल होऊन बोंबलायला लागलं, की वळण फार तीव्र आहे.

"काहून मॅडम, गाड्यायले बागेची प्रदक्षिणा घालाले लावता काय?" मागून किशोर साहेबांनी टोमणा मारला.

वर्षालीनं वळणाची त्रिज्या वाढवली, वेगमर्यादेची पाटी टाकली आणि कारण लिहिलं, पर्यावरण संवर्धन. एवढा जड शब्द पाहिल्यावर साहेबांनी मुकाट सही केली.

शनिवारी ती पेढे घेऊनच माहेरी गेली. "बाबा, तुमच्या एकाही झाडाले आता धक्का लागत नाही. रोड बाजूच्या पडीक वावरातून वळवला म्या!"

बाबांनी उचललेला पेढा परत खोक्यात ठेवला.

"सत्यानाश केला पोरी तूनं! रोड बहुतेक आपल्या वावरातून जाईन, असं मागच्या साली तूच त सांगतलं होतं. बागेचा मोबदला जास्त भेटते, म्हून त झाडं लावले!"