उजवा स्पीकर

तिचे वडील गेल्यावर त्यांचा जुना स्टिरिओ न्यायला मेकॅनिक आला. नेण्याआधी त्याने एक रेकॉर्ड लावून पाहिली. आवाज एकट्या डाव्या स्पीकरमधून येत होता.

त्याने उजवा स्पीकर भिंतीपासून सरकवला. "ताई, ही वायर सुटलेली नाही, कुणीतरी काढलीये. टोकाला टेपही लावलाय बघा."

टेप तिनेच लावला होता. भिंतीपलीकडे तिची खोली, तिचं काम. स्पीकर थेट डोक्यात घुमायचा. बाबांना नुसतं सांगितलं असतं तरी त्यांनी आवाज कमी केला असता. तिने सांगितलं नाही. बाबांना वाटलं, आपला उजवा कान गेला. वर्षभर ते कानात थेंब घालत राहिले. बाटली तीच आणून द्यायची.

"बाबांनीच काढली असेल," ती म्हणाली. "शेवटी शेवटी काय करतील, नेम नव्हता."

"सुई पुसायला वेगळा कुंचला ठेवणारा माणूस? पटत नाही बुवा."

रेकॉर्ड संपली. त्याने सुई उचलून ठेवली, प्लगही काढला. उजव्या स्पीकरवरचं कापड मात्र हलू लागलं. आत, बाहेर, अगदी संथ. वायरचं टोक अजून त्याच्याच मुठीत होतं.

तो गुडघ्यांवर बसला, कापडाला कान लावून बराच वेळ ऐकत राहिला. मग तिच्याकडे न बघताच हळू आवाजात म्हणाला,

"तुमचंच खरं, ताई. ते म्हणतायत, मीच काढली."