साधनाची रजा संपली

साधनानं बॅग ओसरीवर आणून ठेवली, तसा तिचा नवरा रवी समोर येऊन उभा राहिला.

"नको जाऊ आता. रियाधच्या दवाखान्याले दुसऱ्या नर्सा भेटतीन."

"भेटतीन. पण मले जायचं हाय."

मागच्या हंगामात बोंडअळीनं सारी पऱ्हाटी खाल्ली होती. यंदाचं बियाणं साधनाच्या पगारातून आलं, हे अख्ख्या फुलसावंगी गावाला ठाऊक होतं. रवीला तेच सलत होतं.

"जिथं बायाईलेच घराबाहेर निघाची चोरी, तिथं तू कायची नोकरी करतं? लोकं हासून राह्यले."

साधनानं बॅगेचा पट्टा आवळला. "माही इन्चार्ज तिथलीच हाय. मुनिरा. नर्स झाली म्हणून सख्खा भाऊ बोलत नाही तिच्यासंग. तरी ड्युटी चुकवत नाही. आता बायाईले गाडी चालवाची परवानगी भेटली, तर परवा सोता चालवत दवाखान्यात आली. मी फोनवर इचारलं, लोकं पाहत होते का? म्हणे, मले काय माहीत, मी रस्ता पाहत होती."

रवी मागं सरून खांबाला टेकला. मग म्हणाला, "अन् गुंजनले कोण पाहीन?"

साधनाचे हात थांबले. मागच्या खेपेलाही ती इथंच अडली होती. लेकीला झोपेत सोडून, तोंड दाबून रडत निघाली होती.

"मी पाहीन." रवीची आई, रुखमाबाई, नातीचा हात धरून बाहेर आली. "अन् तू पाह्यशीन. बाप हायेस ना तिचा? काढ गाडी, इले स्टँडवर सोड."

रवी खांबाला टेकून तसाच उभा राहिला.

रुखमाबाईनं थोडी वाट पाहिली. मग वाकून बॅग उचलली, डोक्यावर घेतली आणि चालू लागली. गुंजनला कडेवर घेऊन साधना मागोमाग निघाली.

पारावरची माणसं वळून पाहू लागली. त्यांच्यासमोरून जाताना रुखमाबाई जन्मभर डोईवरचा पदर पुढं ओढून, कडेकडेनं गेली होती.

"काकू, सून कुठी चालली?" त्यांच्यातल्या बाबुलालनं विचारलं.

"कामावर."

बॅगेखालून पदर घसरून खांद्यावर आला होता. तिनं तो सावरला नाही. दोन्ही हातांनी बॅग धरून ती रस्त्याच्या मधून चालत राहिली.